तीन मार्चच्या आत: एका ॲपचे आणि एका उद्दिष्टाचे प्रकरण

फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲपलच्या ॲप स्टोअरवर ‘हिनादान’ नावाचा एक छोटा जपानी खेळ दाखल झाला. जपानमध्ये दरवर्षी ३ मार्चला होणाऱ्या बाहुल्यांच्या सणात ज्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याच पायऱ्या फोनच्या पडद्यावर दिसतात आणि खेळणाऱ्याने प्रत्येक बाहुली तिच्या ठरलेल्या जागी बसवायची असते. हा खेळ तयार करणाऱ्या मासाको वाकामिया तेव्हा ८१ वर्षांच्या होत्या, बँकेतील नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना दोन दशके उलटून गेली होती आणि आयफोनसाठी ॲप लिहिण्याचे काम त्यांनी त्याआधी कधीही केलेले नव्हते. पुढे जूनमध्ये सॅन होजे येथे भरलेल्या ॲपलच्या जागतिक डेव्हलपर परिषदेचे त्यांना निमंत्रण आले, तिथे ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांच्याशी त्यांची भेट झाली आणि परिषदेतील सर्वांत ज्येष्ठ ॲपनिर्मात्या म्हणून त्यांचे नाव जगभरच्या बातम्यांत आले. त्याच परिषदेत मेलबर्नचा एक दहा वर्षांचा मुलगा सर्वांत लहान डेव्हलपर म्हणून हजर होता, त्यामुळे पत्रकारांना मथळा आयताच मिळाला.

ही हकिकत बहुतेक ठिकाणी वयाची गोष्ट म्हणून सांगितली गेली. मला ती उद्दिष्टाची गोष्ट म्हणून अधिक मोलाची वाटते. जानेवारी उजाडला की असंख्य वह्यांमध्ये आणि फोनच्या टिपणांमध्ये ‘यंदा ॲप डेव्हलपमेंट शिकायचे’ अशी एक ओळ लिहिली जाते. त्यातली बरीचशी माणसे विशी-तिशीतली असतात, त्यांच्याकडे वेळ, यंत्र आणि इंग्रजी या तिन्ही गोष्टी वाकामियांपेक्षा जास्त असतात, आणि तरीही पुढच्या जानेवारीत तीच ओळ पुन्हा लिहावी लागते. वाकामियांनी वर्षारंभी काही संकल्प केला होता की नाही, हा इथे प्रश्न नाही. त्यांनी जे काम हाती घेतले त्याची घडण कशी होती, आणि नवशिक्याला ते सुमारे सहा महिन्यांत तडीस नेता येईल असे त्यात काय होते, एवढेच या प्रकरणात तपासायचे आहे.

पार्श्वभूमी

वाकामियांचा जन्म १९३५ चा. माध्यमिक शिक्षण संपवून १९५४ मध्ये त्या मित्सुबिशी बँकेत लागल्या. त्या काळी बँकेतील कामाची मोजणी बोटांवर आणि सोरोबानवर, म्हणजे जपानी मणिपाटीवर, चाले. ज्याचा हात चपळ तो चांगला कर्मचारी, असा हिशेब होता आणि वाकामियांचा हात या बाबतीत काही फार चपळ नव्हता. बँकेत यंत्रे आली तशी हाताच्या वेगाची किंमत उतरली आणि त्यांना नियोजनाच्या बाजूचे, म्हणजे डोक्याचे काम मिळत गेले. यंत्राबद्दल त्यांच्या मनात भीतीऐवजी एक प्रकारची कृतज्ञताच असावी, असे हा क्रम पाहिल्यावर वाटते.

साठीच्या सुमारास निवृत्तीची वेळ आली, तेव्हा घरी वृद्ध आई होती आणि तिची शुश्रूषा करायची होती. बाहेर जाणे-येणे कमी होणार आणि माणसांत मिसळणे थांबणार, हे ओळखून त्यांनी संगणक घेतला. तो जोडून, इतरांशी संदेशांची देवाणघेवाण सुरू होईपर्यंत कित्येक महिने गेले. पुढे ‘मेलो क्लब’ या ज्येष्ठांच्या ऑनलाइन मंडळात त्या रमल्या, समवयस्कांना संगणक शिकवू लागल्या आणि एक्सेलच्या चौकटी रंगवून त्यातून नक्षीकाम करण्याची एक पद्धतही त्यांनी बसवली. एक्सेलचे कोष्टक ज्येष्ठांना रुक्ष वाटते म्हणून त्यातून पंख्यांवर आणि कपड्यांवर छापता येईल अशी नक्षी काढायची, ही कल्पना सुचणे हे शिक्षकाचे लक्षण आहे. वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांनी आयफोनच्या ॲपला हात घातला तेव्हा त्यांच्यामागे यंत्राशी झटण्याची वीस वर्षांची सवय होती, ही गोष्ट बातम्यांमध्ये अनेकदा एका वाक्यात उरकली जाते. या प्रकरणातून काही शिकायचे असेल तर ती एका वाक्यात उरकून चालणार नाही.

पेच

ज्येष्ठांना स्मार्टफोनची गोडी लागत नाही, हा वाकामियांचा अनुभव होता. खेळ हा गोडी लावण्याचा सोपा मार्ग, परंतु उपलब्ध खेळ तरुणांसाठी बनलेले होते. त्यांत चपळाईने बोट सरकवावे लागे, झटपट निर्णय घ्यावा लागे, आणि वयस्कर माणूस नातवंडांपुढे दर वेळी हरे. ज्येष्ठांना खेळता येतील असे खेळ करा, अशी विनंती त्यांनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना केली. प्रतिसाद मिळाला नाही, तेव्हा आपणच करावे असे त्यांनी ठरवले.

इथे घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गरज दिसली, नंतर ती दुसऱ्याकडून भागते का हे पाहून झाले, आणि मग शेवटचा उपाय म्हणून शिकणे आले. आपल्या वार्षिक याद्यांमध्ये हा क्रम बहुधा उलटा असतो. आधी कौशल्याचे नाव लिहिले जाते, कारण ते बाजारात चालते असे ऐकलेले असते, आणि त्या कौशल्यातून काय घडवायचे हे पुढे कधीतरी सुचेल असे गृहीत धरलेले असते. सुचत नाही, कारण धडे पाहण्यात वेळ जातो आणि धड्यातले उदाहरण, म्हणजे हवामान दाखवणारे किंवा कामांची यादी ठेवणारे ॲप, कोणालाच खरोखर हवे नसते. नव्याचे नऊ दिवस सरले की पुढे ढकलणारे मागे कोणीच उरत नाही.

उद्दिष्टाची घडण

वाकामियांच्या कामाला तीन बाजू होत्या आणि तिन्ही आधीपासून ठरलेल्या होत्या: कोणासाठी, काय आणि केव्हापर्यंत. त्यांतली तिसरी बाजू मला सर्वांत परिणामकारक वाटते. बाहुल्यांचा सण, म्हणजे हिनामात्सुरी, ३ मार्चला असतो. हा सण मुळात जुन्या चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्यातल्या तिसऱ्या दिवसाचा, पण १८७३ मध्ये जपानने ग्रेगोरियन पंचांग स्वीकारल्यानंतर तो इंग्रजी तारखेला बांधला गेला. साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून घराघरांत बाहुल्या बाहेर निघतात, आणि सण झाल्यावर त्या लगेच आवरून ठेवतात, कारण आवरायला उशीर झाला तर घरातल्या मुलीचे लग्न लांबते अशी समजूत आहे. बाहुल्यांच्या मांडणीचा खेळ एप्रिलमध्ये आला तर त्याकडे कोण पाहणार? मुदत चुकली तर नुसता उशीर होत नाही, पूर्ण वर्ष जाते. अशी मुदत पाळण्यासाठी मनोनिग्रहाची फारशी गरज पडत नाही.

याउलट ‘वर्षअखेरपर्यंत’ ही मुदत अगदी पोकळ असते. ३१ डिसेंबरला ॲप तयार नसले तर १ जानेवारीला कोणाचेही काही अडत नाही, आणि हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

दुसरी बाजू, म्हणजे ‘काय’, तपशिलाने पाहण्यासारखी आहे, कारण कामाचा आकार तिथे ठरला. पारंपरिक पूर्ण मांडणी सात पायऱ्यांची असते. सर्वांत वर राजा-राणी, दुसऱ्या पायरीवर तीन सेविका, तिसरीवर पाच वादक, चौथीवर दोन मंत्री, पाचवीवर तीन सेवक, आणि त्याखाली दोन पायऱ्या केवळ भांडी, पेट्या, पालखी अशा लहान सामानाच्या. हिनादानमध्ये बारा बाहुल्या आणि चार पायऱ्या आहेत. सेवक आणि सामान वगळले आहे. असे का केले याबद्दल मी त्यांच्या वतीने काही सांगणार नाही, परंतु परिणाम स्पष्ट दिसतो. फोनच्या अरुंद पडद्यावर सात पायऱ्या मांडल्या असत्या तर प्रत्येक बाहुली नखाएवढी झाली असती, आणि ज्यांच्यासाठी खेळ करायचा त्यांनाच ती दिसली नसती. सामान गेले म्हणून खेळ अपुरा वाटत नाही, कारण कोडे खरे तर वरच्या चार पायऱ्यांवरच आहे.

ते कोडे कसले, हे तिसऱ्या पायरीवरून कळते. पाच वादक दिसायला साधारण सारखे असतात आणि प्रत्येकाची जागा मात्र ठरलेली असते. पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला हातात पंखा घेतलेला गायक, त्याच्या शेजारी बासरीवाला, मग खांद्यावर धरायचे लहान तालवाद्य, मग कमरेजवळ धरायचे मोठे, आणि डावीकडच्या टोकाला काठ्यांनी वाजवायचा ढोल. उजवीकडून डावीकडे जाताना वाद्याचा आवाज वाढत जातो, असे लक्षात ठेवले की चूक होत नाही. चौथ्या पायरीवर दोन मंत्री, त्यांतला पांढऱ्या दाढीचा म्हातारा पाहणाऱ्याच्या उजवीकडे आणि तरुण डावीकडे. हे ज्ञान आज्यांकडे असते, नातवांकडे नसते. खेळाचा सारा डाव इथेच उलटतो, कारण बोटाच्या वेगापेक्षा जुन्या चालीरीतींच्या माहितीला किंमत येते आणि आजी जिंकते. ज्येष्ठांच्या बोटांना सरकवण्याची क्रिया नीट जमत नाही, म्हणून खेळ टॅपवर चालेल असा ठेवलेला आहे. बाहुली बरोबर बसली की चुकली हे आवाजाने कळते.

आता हेच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहू. अशा खेळाच्या पोटात काय लागते? बारा चित्रे, बारा जागा, कोणत्या चित्राची जागा कोणती याची एक यादी, पडद्यावर बोट कुठे टेकले हे ओळखणे, त्याची यादीशी तुलना करणे, दोन-तीन आवाज वाजवणे आणि सर्व बाहुल्या बसल्या की शेवट दाखवणे. वादकांमधला फरक माणसाला सूक्ष्म वाटतो, पण यंत्राच्या लेखी तो फक्त क्रमांकांचा फरक असतो. खेळणाऱ्यासाठी अवघड आणि लिहिणाऱ्यासाठी सोपा, असा हा विषय आहे, आणि नवशिक्याने विषय निवडताना नेमके हेच शोधायला हवे. यात सर्व्हर, म्हणजे माहिती ठेवणारा दूरचा संगणक, नाही, लॉगिन नाही, पैशांचा व्यवहार नाही, इंटरनेटवरून काही आणायचे नाही, वापरणाऱ्याची माहिती साठवायची नाही. नवशिक्यांच्या पहिल्या ॲपचे घोडे बहुतेक वेळा या पाच ठिकाणीच अडते. पहिल्याच वर्षी ‘आमच्या गावासाठी स्विगीसारखे काहीतरी’ करायला निघालेला माणूस एकदम तीन वेगवेगळी ॲपे, एक सर्व्हर आणि पेमेंटची जोडणी अंगावर घेतो, आणि मग आपल्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही असा निष्कर्ष काढतो. जमले नाही ते प्रोग्रॅमिंग नव्हते, निवड चुकलेली होती.

शिकण्याची रीत

वाकामियांनी स्विफ्ट भाषेत ॲप लिहिले. ही भाषा ॲपलने जून २०१४ मध्ये जाहीर केली होती, म्हणजे त्या शिकायला लागल्या तेव्हा ती स्वतःच जेमतेम दोन वर्षांची होती. पुस्तक घेऊन बसणे आणि दूर मियागी प्रांतात राहणाऱ्या, ओळखीच्या एका तरुण जाणकाराला इंटरनेटवरून विचारत राहणे, अशी त्यांची रीत होती. वर्ग नव्हता, प्रमाणपत्र नव्हते, शंभर तासांचा व्हिडिओ-अभ्यासक्रमही नव्हता.

या काळाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे मार्गदर्शकाची किंमत कळते. सप्टेंबर २०१६ मध्ये स्विफ्टची तिसरी आवृत्ती आली आणि तिने आधीच्या आवृत्तीत लिहिलेला बराचसा कोड मोडीत काढला. संख्या एकाने वाढवण्यासाठीचे ‘++’ हे सवयीचे चिन्ह भाषेतून काढून टाकले गेले, आणि ॲपलच्या स्वतःच्या शेकडो आज्ञांची नावे आखूड झाली. त्या शरद ऋतूत जुने पुस्तक समोर ठेवून नव्या आवृत्तीत उदाहरण उतरवणाऱ्या कोणालाही लाल रंगाच्या त्रुटींची रांग दिसणार, आणि आपण अक्षर न् अक्षर बरोबर लिहिले असूनही चूक का दाखवते हे त्याला कळणार नाही. जाणकार माणूस हे अर्ध्या मिनिटात सांगतो. एकट्या नवशिक्याचे यात दोन आठवडे जाऊ शकतात, आणि त्या दोन आठवड्यांतच बहुतेकांचे भिजत घोंगडे पडते. आजही चित्र फार वेगळे नाही. अँड्रॉइडमध्ये ॲपचा पडदा मांडण्याच्या दोन रीती आहेत, जुने धडे एक्सएमएलवर आहेत आणि नवे जेटपॅक कंपोजवर, त्यामुळे एका व्हिडिओतला अर्धा आणि दुसऱ्यातला अर्धा कोड एकत्र करणारा शिकाऊ अडकतोच.

मार्गदर्शक होता म्हणजे काम त्यानेच केले असणार, अशी शंका काही जण घेतात. मला ती रास्त वाटत नाही. ॲप कोणासाठी, त्यात काय असावे, काय नसावे, हे ठरवणारी व्यक्ती दुसऱ्याच्या मदतीने कोड लिहीत असेल तरी ॲप तिचेच असते. व्यावसायिक डेव्हलपरही दिवसभर एकमेकांना विचारूनच काम करतात.

संशोधन काय सांगते, आणि इथे ते कुठे बसते

उद्दिष्टांच्या मानसशास्त्रात एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांचे काम पायाभूत मानले जाते. ‘जमेल तेवढे करा’ या सांगण्यापेक्षा नेमके आणि थोडे अवघड उद्दिष्ट दिले तर कामगिरी सुधारते, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष अनेक प्रयोगांतून टिकलेला आहे. स्वयंविकासाच्या व्याख्यानांत हा निष्कर्ष इतक्यांदा सांगितला जातो की त्याची दुसरी बाजू झाकली जाते. १९८९ मध्ये रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांनी अमेरिकी हवाई दलातील प्रशिक्षणार्थींना विमानवाहतूक नियंत्रणाचे कृत्रिम काम देऊन पाहिले. काम अगदी नवीन असताना, म्हणजे नियमच अजून डोक्यात बसलेले नसताना, ज्यांना कामगिरीचे नेमके लक्ष्य दिले त्यांची प्रगती त्यामुळे अडली. काम कळू लागल्यानंतर तेच लक्ष्य उपयोगी पडले. कारण उघड आहे: शिकण्याच्या सुरुवातीला सगळे लक्ष समजून घेण्यात खर्ची पडत असते, आणि लक्ष्याकडे पाहत राहणे हा त्या लक्षावरचा जादा बोजा होतो. म्हणूनच अपरिचित आणि गुंतागुंतीच्या कामात आधी शिकण्याचे उद्दिष्ट ठेवावे, फळाचे नंतर, असे लेथम आणि इतरांनी पुढे मांडले.

या कसोटीवर वाकामियांचे प्रकरण वरवर पाहता उलटे दिसते. त्या पूर्ण नवख्या होत्या आणि त्यांच्यासमोर तारखेसह ठरलेले फळ होते. मग ते बाधक का ठरले नाही? माझे उत्तर असे की त्या फळाला आकडा चिकटलेला नव्हता. इतके डाउनलोड, इतके उत्पन्न किंवा इतक्या ओळी कोड असे काही त्यात नव्हते. चालणारा खेळ स्टोअरवर असला की झाले, तो कितीही ओबडधोबड असो. आणि विषयाचा अर्धा भाग त्यांना आधीच पाठ होता. बाहुल्या, त्यांच्या जागा, खेळणाऱ्या माणसांचे स्वभाव, त्यांची बोटे, त्यांची नजर, यांतले काहीही नव्याने शिकायचे नव्हते. नवे होते ते केवळ स्विफ्ट आणि ॲपलची साधने. ज्या नवशिक्याला प्रोग्रॅमिंगही नवे आणि ज्या धंद्यासाठी ॲप करायचे तो धंदाही नवा, त्याचा बोजा दुप्पट असतो.

नववर्षाच्या संकल्पांची एरवी फार चेष्टा होते, म्हणून एक आकडा नोंदवतो. जॉन नॉरक्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, संकल्प करणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोक सहा महिन्यांनंतरही आपण यशस्वी असल्याचे सांगत होते, तर तशाच बदलाची इच्छा असून संकल्प न करणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. ही लोकांनी स्वतःबद्दल दिलेली माहिती आहे, हे खरे, पण तरीही संकल्प करणे निरर्थक असते असा सूर लावायला त्यातून आधार मिळत नाही. वर्षारंभासारखा टप्पा माणसाला नव्याने सुरुवात करायला बळ देतो, हे २०१४ मध्ये हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनीही दाखवले आहे. टप्पा सुरुवात करून देतो, शेवट करून देत नाही, एवढीच त्याची मर्यादा.

नंतर काय झाले

२०१७ च्या उन्हाळ्यापर्यंत हिनादानचे सुमारे ४२ हजार डाउनलोड झाल्याचे वृत्त होते. केवळ जपानी भाषेतला, जपानी सणाचा, ज्येष्ठांसाठीचा खेळ म्हणून हा आकडा चांगलाच आहे, परंतु व्यवसाय म्हणून पाहिले तर त्याचे फार काही मोल नाही. त्याच वर्षी जपान सरकारने शंभर वर्षांच्या आयुष्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या परिषदेत वाकामिया सदस्य झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर त्या बोलल्या. ॲपमुळे पैसा आला नाही, दारे उघडली.

या यशात जे आपल्याला उचलता येणार नाही तेही सांगितले पाहिजे. निवृत्त माणसाचा दिवस मोकळा असतो, नोकरी आणि लहान मुले सांभाळणाऱ्याचा नसतो. ॲपलसाठी ॲप लिहायचे तर सहसा मॅक संगणक लागतो आणि डेव्हलपर म्हणून वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात, जे आपल्याकडच्या विद्यार्थ्याला जड जातात. वय हीच बातमी असल्यामुळे मिळालेली प्रसिद्धी तर पंचविशीतल्या माणसाला मिळणे शक्यच नाही. राहता राहिली ती कामाची घडण.

मराठी शिकाऊने हेच करायचे ठरवले तर

आपल्याकडे बहुतेक हातांत अँड्रॉइड आहे आणि गूगल प्लेचे डेव्हलपर खाते एकदाच २५ डॉलर भरून उघडता येते, म्हणून हिशेब त्याच बाजूने मांडतो. सण निवडताना एक अडचण येते. गणपती, गौरी, दिवाळी हे सण चांद्र तिथीने फिरतात, त्यामुळे त्यांची तारीख आधी पंचांगात पाहून घ्यावी लागते. मकर संक्रांत सौर असल्याने १४ किंवा १५ जानेवारीलाच येते, आणि वर्षभराच्या उद्दिष्टासाठी तिच्यासारखी हक्काची तारीख दुसरी नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणाला बोलावले, कोणाला वाण दिले, कोण राहिले, एवढेच फोनमध्ये ठेवणारे ॲप घेतले तर माहिती फोनबाहेर जायची गरज नाही, सर्व्हर नाही, लॉगिन नाही. ते कोणासाठी करायचे ती बाई, म्हणजे आई, काकू किंवा सासूबाई, घरातच असते आणि बटण लहान आहे हे तोंडावर सांगते. मोठी अक्षरे आणि देवनागरी आकडे हवेत, हेही तिच्याकडूनच कळेल.

तारखेवरून मागे मोजायला लागले की मात्र जपानच्या प्रकरणात नसलेला एक नियम आडवा येतो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला त्यासाठी वीस परीक्षक, म्हणजे ॲप वापरून पाहणारी माणसे, लागत. डिसेंबर २०२४ पासून ही संख्या बारा झाली. हे बारा जण सलग चौदा दिवस चाचणीत राहिले पाहिजेत, त्यानंतर खुल्या प्रकाशनासाठी अर्ज करायचा, आणि तो तपासायला गूगल आणखी काही दिवस घेते. मधेच कोणी चाचणी सोडली आणि संख्या बाराखाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून पंधरा-सोळा नावे हाताशी ठेवलेली बरी. संक्रांतीच्या आधी निदान आठवडाभर ॲप लोकांच्या फोनवर असायला हवे असेल तर चाचणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली पाहिजे, आणि त्याआधी खाते उघडून ओळखपत्राची पडताळणी उरकलेली असली पाहिजे, म्हणजे ते काम नोव्हेंबरवर येते. मग कोड लिहिण्यासाठी जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचे महिने उरतात, जानेवारी ते मे हा काळ कॉटलिन ही अँड्रॉइडची प्रोग्रॅमिंग भाषा, अँड्रॉइड स्टुडिओ हे ॲप लिहिण्याचे साधन आणि एकदोन टाकाऊ सराव-ॲपे यांत जातो, आणि आठ जीबीपेक्षा कमी मेमरीच्या लॅपटॉपवर एम्युलेटरच्या, म्हणजे संगणकावरच चालणाऱ्या नकली फोनच्या, नादी न लागता फोन केबलने जोडूनच काम करायचे हे पहिल्याच महिन्यात ठरवून टाकावे लागते. परीक्षकांची नावे मागायला मात्र दिवाळीच्या फराळाइतकी चांगली वेळ नाही, कारण तेव्हा मंडळी घरी येतात आणि प्रत्येकाकडून त्याच्या अँड्रॉइड फोनवरचा जीमेलचा पत्ता समोरासमोर लिहून घेता येतो.